दोन पौंड आणि दापोडीचा वजनकाटा

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

मागच्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं. झोपडपट्टीत काम करणाऱ्या संस्था ‘परदेशी पैशावर पोसलेल्या’ असतात, तिकडचे श्रीमंत चेक फाडतात आणि इकडचे चार पुढारी वाटून घेतात, असा त्याचा सूर. पत्र लहान होतं, पण आईने मला ते दोनदा वाचायला लावलं. मोतीबिंदूमुळे तिला आता बारीक छपाई दिसत नाही. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, “त्यांना लिही, चेक कुणी फाडला नाही. दोन-दोन पौंड होते.”

आईचा निरोप इतकाच. पण मी एका पतसंस्थेत तेवीस वर्षं हिशेब लिहिते. दुसऱ्याच्या पैशाकडे संशयाने बघण्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा जरा सविस्तर लिहिते. जागा नसेल तर कापा, पण ते दोन पौंड तेवढे राहू द्या.

आम्ही मूळचे करमाळ्याकडचे. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा खडी फोडत होते. वडील तिथून निघून पुण्याला आले आणि दापोडीत मुळेच्या काठाला पत्र्याच्या खोलीत राहिले. नदीपलीकडे खडकीचा दारूगोळा कारखाना, अलीकडे एसटीचं वर्कशॉप, मधून लोणावळ्याची लोकल. माझा जन्म १९७४चा, तिथलाच. नदी चढली की भांडी फळीवर आणि माणसं शाळेत, हे पावसाळ्याचं ठरलेलं.

मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हा वस्तीत दवाखाना आला. इंग्लंडहून आलेले एक डॉक्टर, एक नर्स, बाकी सगळ्या आपल्याच बाया. संस्थेचं नाव बहुजन हिताय. आई आधी माझ्या धाकट्या भावाच्या जुलाबावर औषध आणायला गेली, मग रांग लावायला मदत करू लागली, आणि नंतर बालवाडीत मदतनीस म्हणून राहिलीच. शिक्षण चौथी. पगाराला ‘मानधन’ म्हणायचं हा शब्द ती तिथे शिकली. वडिलांना तो फार आवडायचा. “मान आहे, धन कुठाय?” असं विचारायचे.

तिच्या कामातलं मला सगळ्यात लख्ख आठवतं ते वजन. दाराच्या वरच्या आडव्या लाकडाला काटा टांगायचा. घड्याळासारखी गोल तबकडी, खाली हूक, हुकाला कापडी चड्डी. पोर त्या चड्डीत अडकवलं की पाय बाहेर लोंबायचे आणि ते जीव खाऊन रडायचं. रडलं की काटा थरथरायचा. आईचा नियम होता, काटा थांबेपर्यंत आकडा लिहायचा नाही. मागे दहा बाया खोळंबलेल्या असायच्या, कुणी म्हणायची लिही गं अंदाजे. ती लिहायची नाही. पोराच्या नाकासमोर चमचा वाजवत उभी राहायची. काटा थांबला की कार्डावर एक टिंब. मागच्या महिन्याच्या टिंबाला रेघेने जोडायचं. रेघ वर चढली तर ठीक. आडवी पडली किंवा खाली आली, की संध्याकाळी आई त्या घरी.

एका पोराची रेघ चार महिने आडवीच होती. त्याची आई म्हणायची, देवानेच बारीक घडवलाय. आई तिच्या घरी गेली, चुलीशी बसली, इकडचं तिकडचं बोलत राहिली. निघता निघता तिचं लक्ष दूध-पावडरीच्या डब्याकडे गेलं. महिन्याचा डबा ती बाई तीन महिने पुरवत होती. एक चमचा पावडर, वर बाटलीभर पाणी. आई तिला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वाटीत वरणाचं घट्ट पाणी आणि त्यात चुरलेली भाकरी घेऊन गेली आणि पोराला स्वतः भरवून आली. आठ दिवस जात होती. पुढचं टिंब वर गेलं तेव्हा ती बाई कार्ड शेजारणींना दाखवत फिरली. तिला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळत होती.

आता पैशाचं. हा काटा, ती कार्डं, आईचं मानधन कुठून यायचं? लंडनमधल्या एका लहान संस्थेकडून. १९८०मध्ये ती निघाली तेव्हा तिचं नाव ‘एड फॉर इंडिया’ होतं, पुढे ‘करुणा ट्रस्ट’ झालं. आपल्या पत्रलेखकांना वाटतं तसा तिच्यामागे कुणी शेठ नव्हता. लोक दारोदार फिरून पैसे गोळा करत. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९८८ की ८९, मी नववीत असताना तिकडची काही मंडळी वस्ती बघायला आली होती. त्यांत बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. ती बालवाडीच्या पायरीवर आईशेजारी बसली आणि दुभाषी म्हणून मला पुढे ढकलण्यात आलं. माझं इंग्रजी म्हणजे तर्खडकरांच्या पलीकडे नाही. अडलं की वस्तीतले एक दादा सांभाळून घेत होते.

तिने सांगितलं ते असं. एखाद्या शहरात पाच-सहा जण मिळून दीड महिना एकत्र राहतात. सकाळी ध्यान, दुपारी स्वयंपाक, आणि संध्याकाळी लोक कामावरून घरी आले की प्रत्येकाने आपापला रस्ता धरायचा. पहिल्या खेपेला दारात एक छोटी पुस्तिका द्यायची. चार दिवसांनी ती परत घ्यायला जायचं आणि तेव्हा विचारायचं, दरमहा थोडं देता का? बहुतेक दारं ‘नो थँक यू’ म्हणून लागतात. काही उघडतच नाहीत. कुत्री असतात. पाऊस तर असतोच.

आईने विचारलं, देणारा किती देतो? ती म्हणाली, कुणी दोन पौंड, कुणी पाच, बँकेतून दर महिन्याला आपोआप जातात. पेन्शनवर जगणाऱ्या एका म्हातारीने दोन पौंडांचा कागद भरून दिला होता, आणि या मुलीचे केस भिजलेले बघून टॉवेल आणून दिला होता.

“घरात बोलावलं की उंबऱ्यावरच?” आईचा प्रश्न.

“घरात.”

“चहा?”

“चहा पण.”

आईचं समाधान झालं. मग मला म्हणाली, हिला सांग, मीसुद्धा हेच करते. सकाळी पोरं गोळा करायला जाते तेव्हा पहिल्या खेपेला मला कुणी पोर देत नाही. दारातूनच सांगतात, आंघोळ नाही झाली, उद्या ये. मी दुसऱ्या दिवशी बादली घेऊनच जाते. माझ्या नववीच्या इंग्रजीत या सगळ्याचं काय झालं असेल देव जाणे, पण ‘बकेट’ ऐकून ती मुलगी इतकी हसली की आईने तिच्या पाठीवर थाप मारली.

‘परदेशी पैसा’ हा शब्द वाचला की मला ती पायरी दिसते. दोन बाया, दोघी दारोदार फिरणाऱ्या. एक पैसे मागत, दुसरी पोरं मागत.

हिशेबनीस म्हणून एक गोष्ट नोंदवते. तिकडच्या सरकारने अशा थेंब-थेंब दानाची सोय करून ठेवली आहे. दात्याने कर भरलेला असेल तर त्याच्या एका पौंडावर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स परत मिळतात. योजनेचं नाव ‘गिफ्ट एड’. १९९०मध्ये ती मोठ्या देणग्यांसाठी निघाली, लहान देणग्यांना २०००पासून लागू झाली. त्याआधीही सलग काही वर्षं देण्याचा करार केला की कर परत मिळत असे. म्हणजे म्हातारीचे दोन पौंड इथे पोचेपर्यंत अडीच होतात. आपल्याकडेही देणगीवर आयकराची सवलत आहे, लोक ८०जी म्हणतात ती, पण ती देणाऱ्याच्या खिशात जाते. मला त्यांची पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, असो.

पत्रलेखकांनी ‘धर्मांतरासाठी पैसा’ असंही सुचवलं आहे. इथे मात्र मला हसू आलं. देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली २५ डिसेंबर १९५४ला. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. माझे आजोबा करमाळ्याला बौद्ध झाले तेव्हा लंडनमध्ये ही संस्था नव्हती, तिची कल्पनाही नव्हती. आम्हाला कुणी बौद्ध करायला आलं नाही. उलट बौद्ध झालेल्या इंग्रजांना आम्ही सापडलो.

तो योगायोगही सांगण्यासारखा आहे. संघरक्षित हे मूळ लंडनचे, दुसऱ्या महायुद्धात सैन्याबरोबर हिंदुस्थानात आले आणि भिक्खू होऊन इथेच राहिले, पुढे कालिंपोंगला. बाबासाहेबांना भेटलेले. ६ डिसेंबर १९५६ला बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा ते नागपुरात होते. नुकती दीक्षा घेतलेली लाखो माणसं पोरकी झाली होती. त्यांच्यापुढे पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांत संघरक्षित बोलत राहिले. नंतर कितीतरी हिवाळे ते महाराष्ट्रात फिरले. १९६४मध्ये मायदेशी परतले आणि १९६७मध्ये लंडनमध्ये त्यांनी एक बौद्ध संघ काढला. त्या संघातले एक शिष्य लोकमित्र १९७७ला योग शिकायला पुण्यात आले, अय्यंगार गुरुजींकडे. त्याच ऑक्टोबरात नागपूरला उतरले तर नेमका दीक्षेचा वर्धापनदिन. प्रवासी म्हणून गेलेला माणूस लाखोंच्या सभेपुढे उभा. पुढच्या वर्षी ते पुण्याला राहायलाच आले. १९७९मध्ये त्या लंडनच्या संघाची इथली शाखा, त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण, उभी राहिली आणि दुसऱ्या वर्षी लंडनची मदतसंस्था. संघरक्षितांच्या इंग्लंडमधल्या वैयक्तिक वर्तनाबद्दल पुढे गंभीर तक्रारी झाल्या, २०१६मध्ये त्यांनी खेदाचं निवेदन काढलं, हेही मला ठाऊक आहे. त्यावर पांघरूण घालायला मी हे लिहीत नाही. आईचा काटा त्या म्हातारीच्या दोन पौंडांवर चालला, एवढंच म्हणते.

आणि गरज काय होती, असं विचारणाऱ्यांना एक आठवण. बौद्धांना राज्याच्या सवलती होत्या, पण केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९०मध्ये, व्ही. पी. सिंगांच्या काळात. दापोडीत तर अर्ध्या तरुणांची आशा नदीपलीकडच्या केंद्राच्या नोकऱ्यांवर. माझे काका १९८३ला अर्ज करायला गेले तेव्हा त्यांना घरातल्या घरातच सांगण्यात आलं की दाखल्यावर जुनी जात लिही, नोकरी बघ. ते बौद्ध लिहून आले. नोकरी लागली नाही. रंगकाम करत राहिले. अशा घरांच्या मुलांना राहायला, अभ्यासाला जागा मिळावी म्हणून वसतिगृहं निघाली. पुण्यात मुलींचं, बाहेरगावी आणखी. माझी मावसबहीण अशाच एका वसतिगृहात राहून बारावी झाली, आज ती तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे.

या सगळ्यात ज्यांचं नाव कधी कुठे येत नाही त्यांच्याबद्दल मला खरं लिहायचं आहे. पाहुणे इंग्रजीत बोलायचे आणि शेजारी उभा असलेला आपला माणूस एकेका वाक्याचं मराठी करायचा. तासाभराच्या भाषणाला दोन तास. लोकांना आठवतो तो गोरा वक्ता. पण आमच्या आईला धम्मातली ‘मैत्री’ म्हणजे काय ते ज्याच्या तोंडून कळलं, तो रेल्वेत कारकून होता आणि ड्यूटी संपवून यायचा. तसंच अहवालांचं. तिकडे जाणारा अहवाल इंग्रजीत. आई सांगणार, कुणीतरी मराठीत लिहून घेणार, दुसरा कुणी इंग्रजी करणार, आणि त्या प्रवासात चमचा वाजवणारी बाई गळून ‘लाभार्थी संख्या’ उरणार. ही भागीदारी आहे असं सगळे म्हणतात. असेलही. पण ज्याची भाषा चालते त्याचा वाटा मोठा दिसतो, हे मी हिशेबाच्या वह्या बघून सांगते.

एक प्रसंग दुसऱ्याच एका देणगीदार संस्थेचा, नाव लिहीत नाही. बरीच वर्षं झाली. त्यांचे पाहुणे फोटो काढायला आले. एका पोराच्या पायात नवी चप्पल होती. त्यांच्याबरोबरचा माणूस आईला हळूच म्हणाला, जरा ती चप्पल काढायला सांगा ना. आई म्हणाली, “का? चप्पल त्याच्या बापाच्या पैशाची आहे.” फोटो चपलेसकट निघाला. छापला की नाही, कळलं नाही.

आजचं दुखणं वेगळं आहे. सप्टेंबर २०२०मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा, म्हणजे एफसीआरए, बदलला. परदेशी पैसा आधी दिल्लीला संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. ठीक आहे. एकाच खिडकीतून पैसा आला तर बघणाऱ्याला सोपं, मी हिशेबनीस आहे, माझी तक्रार नाही. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. यात गोम अशी की कुणाचा पगार ‘कार्यक्रम’ धरायचा आणि कुणाचा ‘कार्यालय’ यावरून ऑडिटर आणि संस्था यांच्यात दर मार्चला जुंपते. आणि तिसरं, एका संस्थेला आलेला परदेशी पैसा तिने दुसऱ्या संस्थेला द्यायचाच नाही. घाव इथे बसला.

आमचं वस्तीतलं महिला मंडळ मुलींची अभ्यासिका चालवायचं. आमच्यात इंग्रजी अर्ज भरणारं कुणी नव्हतं. म्हणून एका मोठ्या नोंदणीकृत संस्थेमार्फत थोडा निधी यायचा. ती आमचे हिशेब तपासायची, पावती हरवली तर मलाच बोलणी बसायची. कायदा बदलला तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते, मुलींच्या शाळा मोबाइलवर, घरात मोबाइल एक आणि तोही बापाच्या खिशात. नेमक्या तेव्हा तीन ताईंचं दरमहा ३,००० रुपये मानधन थांबलं. त्या मोठ्या संस्थेचाही दोष नव्हता. पैसा तिच्या खात्यात होता, पण खाली द्यायची बंदी. दोन ताई धुण्याभांड्याला लागल्या. तिसरी अजून संध्याकाळी मुली घेऊन बसते. महिन्याला दहा-वीस रुपये घरटी गोळा होतात, त्यातून वीजबिल निघतं.

गोळा कोण करतं म्हणाल तर मी. दर महिन्याच्या पाच तारखेनंतर, लोक कामावरून आले की. बहुतेक दारं म्हणतात, पुढच्या महिन्यात बघू. मी पुढच्या महिन्यात जाते.

पत्रलेखकांना चोर सापडायला हवा असेल तर तोही सापडेल, संस्थांमध्ये चोर असतात, पतसंस्थांमध्ये तर विचारू नका. पण सगळ्यांना एका तराजूत घालण्याआधी त्यांनी एकदा दापोडीला यावं. आमच्या मंडळाच्या वह्या माझ्याकडे आहेत, आणि आईच्या बालवाडीच्या चार वह्या तिने अजून ट्रंकेत जपून ठेवल्या आहेत, दर शनिवारची हजेरी आणि खाऊचा खर्च, शेंगदाणे किती, गूळ किती. रविवारी सकाळी दहानंतर आम्ही दोघी घरीच असतो. येताना चष्मा मात्र आणावा. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, आणि कागद वाचवायचा म्हणून तिने ते फार बारीक काढलंय.

आपली,
एक जुनी वाचक
दापोडी, पुणे